दोन ग्रे आणि एक रात्र

शेक घेऊन आलेल्या माणसाचं रक्त आधी लावायचं, हा माझ्या टेबलावरचा नियम आहे. वडूजमध्ये माझी रक्त तपासणीची लहानशी लॅब आहे. सकाळी बाकावर उपाशीपोटी साखर तपासायला आलेले, तापाने फणफणलेले, बाळंतपणाला दिवस भरत आलेले असे सगळे बसलेले असतात. त्यांत अधूनमधून कुणी कराडहून, कुणी मिरजेहून, कुणी थेट मुंबईच्या परळहून, कर्करोगावरचे किरणांचे उपचार, आम्ही म्हणतो तो शेक, चालू असताना शनिवार-रविवारपुरतं गावी आलेलं असतं. हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत फाइल, फायलीत डॉक्टरांची चिठ्ठी आणि चिठ्ठीवर तीन अक्षरं, सीबीसी. "दर आठवड्याला पेशी बघायला सांगितल्यात," एवढंच ते म्हणतात आणि बाही वर सारतात.

त्या हाताला सुई लावताना मी घाई करत नाही. सोबत केमो चालू असेल तर शीर दडून बसलेली असते, बोटाने चाचपून शोधावी लागते. जांभळ्या टोपणाच्या बाटलीत दोन मिलिलिटर रक्त उतरतं. बाटली आठ-दहा वेळा हलकेच खाली-वर करायची, म्हणजे रक्त गोठत नाही. मशीन मिनिटभरात आकडे छापून देतं. तरी अशा रुग्णाच्या रक्ताची मी काच करतेच. एक थेंब काचेच्या टोकाशी ठेवायचा, दुसरी काच तिरकी धरून एका दमात पुढे ओढायची. पातळ पट्टी उमटते. ती वाऱ्यावर वाळली की तिच्यावर लिशमनचा रंग ओतायचा, दोन मिनिटांनी दुप्पट बफर घालायचं, सात-आठ मिनिटं थांबायचं आणि मग बारीक धारेखाली काच धुऊन उभी करायची. तेलाचा थेंब टाकून भिंग खाली आणलं की एक वेगळाच मुलूख उघडतो.

तांबड्या पेशी फिकट गुलाबी, मधोमध उजळ. न्यूट्रोफिल मोठ्या, त्यांचं केंद्रक दोन ते पाच कप्प्यांत विभागलेलं. आणि लिम्फोसाइट. ती तांबड्या पेशीहून जेमतेम मोठी असते. जवळजवळ सगळी जागा गर्द जांभळ्या, गोल केंद्रकाने भरलेली आणि कडेने आकाशी रंगाची बारीकशी किनार. इतकी वर्षं पाहूनही ती किनार दिसली की मला बरं वाटतं. शंभर पांढऱ्या पेशी मोजल्या तर निरोगी मोठ्या माणसात त्यांत वीस ते चाळीस लिम्फोसाइट सापडतात. शेक चालू असलेल्या माणसाच्या रक्तात मात्र काच सरकवत राहावं लागतं. न्यूट्रोफिल येतात, आणखी न्यूट्रोफिल येतात, आकाशी किनारीची पेशी लवकर येत नाही. शरीरावरून किरण गेले आहेत याची पहिली खूण हीच, एक प्रकारची अनुपस्थिती.

किरण सगळ्यांवरून सारखेच जातात. पेशी मात्र त्यांना आपापल्या परीने उत्तर देतात. तांबड्या पेशीला केंद्रकच नसतं, तोडण्यासारखं आत काही नसतं. ती आपले एकशेवीस दिवस जवळपास पुरे करते. न्यूट्रोफिलचं आयुष्य मुळातच थोड्या दिवसांचं. तिला स्वतःला फारसं काही होत नाही, पण हाडांच्या मगजात तिच्यामागून येणाऱ्या पेशी मेल्या की दोन-तीन आठवड्यांनी तिचीही संख्या घसरते. प्लेटलेटचंही तसंच. आणि लिम्फोसाइट काही तासांत, फार तर दोन-तीन दिवसांत स्वतःच स्वतःला संपवते. केंद्रक आकसतं, त्याच्या गोल गोल गोळ्या होतात आणि शेजारच्या भक्षक पेशी ते अवशेष उचलून नेतात. गाजावाजा नाही, सूज नाही. रक्ताच्या एकाच थेंबात एकाच किरणाला मिळालेली ही वेगवेगळी उत्तरं मोजणं, हे एका मोठ्या शास्त्राचं मूळ आहे. वडूजमध्ये बसून मी त्या शास्त्राच्या अगदी काठावरचं काम करते. पण काठावरूनही पाण्याची खोली कळते.

१९०६ साली फ्रान्समध्ये बोर्दोच्या बर्गोनिए आणि त्रिबोंदो या दोघा डॉक्टरांनी उंदरांच्या वृषणांवर क्ष-किरण सोडून एक नियम मांडला : जी पेशी भराभर विभागते आणि जिचं अजून पक्कं रूप ठरलेलं नाही, ती किरणांनी आधी मरते. कर्करोगाची पेशी सतत विभागत असते, म्हणून ती मरेल आणि शेजारची शांत पेशी वाचेल, ही आशा त्या नियमातून उभी राहिली. किरणोपचाराचा सगळा डोलारा आजही त्या आशेवर उभा आहे. पण रक्ताने त्या नियमाला लगेच अपवाद दाखवला. लिम्फोसाइट शांत असते, विभागत नसते, तिचं रूपही पक्कं झालेलं असतं. तरीही ती सर्वांत आधी जाते. त्यामुळे कोणती पेशी किती सोसेल हे नुसत्या नियमावरून ठरवता येत नाही, एकेका पेशीला विचारून घ्यावं लागतं. विचारणं म्हणजे मोजणं.

किरणांची मात्रा ग्रेमध्ये मोजतात. एक किलो ऊतकात एक ज्यूल ऊर्जा जिरली की एक ग्रे. सगळ्या अंगाला एकदम चार ग्रे लागले आणि उपचार मिळाले नाहीत, तर निम्मी माणसं दोन महिन्यांच्या आत दगावतात. आणि चार ग्रेने शरीराचं तापमान किती वाढतं? अंशाचा हजारावा भाग. गरम चहाचा एक पेला पोटात जातो तेव्हा त्याहून कितीतरी अधिक ऊब अंगात येते. जीव घेणारी गोष्ट थर्मामीटरला कळत नाही, कातडीला लगेच कळत नाही, डोळ्याला दिसत नाही. ती कळते फक्त पेशीला, कारण ऊर्जा थोडी असली तरी ती नेमकी डीएनएच्या धाग्यावर घाव घालते. एका ग्रेने एका पेशीत धाग्याची एक बाजू तुटण्याच्या हजारभर घटना होतात आणि दोन्ही बाजू एकदम तुटण्याच्या पस्तीस-चाळीस. एक बाजू तुटली तर समोरच्या बाजूवरून पेशी ती सहज जुळवते. दोन्ही तुटल्या की खरी कसोटी लागते.

उपचारात मात्र किरण साऱ्या अंगावर न सोडता बहुधा गाठीच्या भागावरच सोडतात, बहुतेकदा रोज दोन ग्रे. सोमवार ते शुक्रवार, पाच ते सात आठवडे. यंत्राखाली पडून राहायचं ती मिनिटं थोडी. त्यानंतर जे घडतं त्याचा विचार माझ्या मनातून जात नाही. बोनर आणि रोगाकू यांनी १९९८ साली अमेरिकेत दाखवून दिलं, की डीएनए जिथे तुटतो तिथे शेजारच्या एका प्रथिनावर काही मिनिटांतच खूण चढते. त्या खुणेला चिकटणारं चमकतं रसायन वापरलं, तर अंधाऱ्या पडद्यावर पेशीच्या केंद्रकात प्रकाशाचे ठिपके दिसतात. जितके घाव तितके ठिपके, जवळजवळ एकास एक. अर्ध्या-एक तासात ते सर्वांत जास्त असतात. मग एकेक विझू लागतात. विझणं म्हणजे सांधलं जाणं. तगलेल्या निरोगी लिम्फोसाइटमध्ये दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बहुतेक ठिपके गेलेले असतात. जिची दुरुस्तीची यंत्रणा मुळात बिघडलेली आहे, त्या पेशीत ते रेंगाळतात.

दुपारी शेक घेतलेला माणूस संध्याकाळी कुठे असतो? कुणी दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत डबा खाऊन आडवा झालेला, कुणी नातेवाइकाच्या चाळीतल्या खोलीत, कुणी एसटीच्या खिडकीशी डोकं टेकून घाट पाहत बसलेला. आणि शुक्रवारचा शेक घेऊन आलेला कुणी इथे, आपल्या घरी. आमच्या खटाव तालुक्यातली रात्र उन्हाळ्यातही उशिरा का होईना निवते. दिवसभर तापलेला मुरूम हळूहळू थंड होतो, येरळा नदीच्या कोरड्या पात्रातून वारा सुटतो, अंगणात अंथरुणं पडतात. घरातली माणसं हळू आवाजात बोलतात, कारण रुग्णाला नुकती झोप लागलेली असते. त्या झोपलेल्या अंगात, कोट्यवधी पेशींमध्ये, तुटलेले धागे जोडण्याचं काम चालू असतं. रुग्णाला हे कुणी सांगितलेलं नसतं. सकाळी उठल्यावर तो म्हणतो, "आज जरा हुशारी वाटतीय." मला माहीत असतं की रात्रभर किती मोठं काम झालं आहे. उपचार दिवसा यंत्रावर होतो, हे अर्धंच खरं. उरलेला अर्धा उपचार ही रात्र करते.

किरणांचे हे घाव रक्तातून मोजायची एक जुनी, अस्सल पद्धत आहे, आणि तिच्यात आपल्या साताऱ्याच्या मातीशी नातं सांगणाऱ्या दोन वनस्पती आहेत. लिम्फोसाइट शांत असते, म्हणून तिची गुणसूत्रं दिसत नाहीत. ती विभागायला लागेल तेव्हाच दिसणार. फिलाडेल्फियाचे पीटर नॉवेल राजम्यापासून काढलेलं एक द्रव्य रक्तात वापरत होते. हेतू साधा होता, तांबड्या पेशींच्या गुठळ्या करून त्या बाजूला काढायच्या. पण १९६० मध्ये त्यांच्या ध्यानात आलं, की त्या द्रव्याच्या सहवासात निवांत लिम्फोसाइट जाग्या होऊन विभागू लागतात. राजमा ज्या जातीचा, त्याच जातीचा आपला कोरेगावचा वाघ्या घेवडा. फिकट दाण्यावर लालसर पट्टे ओढलेला, भौगोलिक मानांकन मिळालेला. शेजारच्या तालुक्याचं पीक, आमच्या घरी बारमाही डब्यात असतं. घेवडा नीट शिजवूनच खायचा, कच्चट ठेवायचा नाही, हे आईने सांगितलेलं. त्याचं कारण हेच द्रव्य. उकळलं की ते निष्प्रभ होतं, कच्चं राहिलं की पोटाला बाधतं.

दुसरी वनस्पती कळलावी. पावसाळ्यात सह्याद्रीच्या कुंपणा-झुडपांवर चढणारी, वर लाल आणि खाली पिवळ्या पाकळ्यांची. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन असतं, आणि त्याच कुळातलं कोल्सेमिड पेशीची विभागणी नेमकी मध्यावर थांबवतं. म्हणजे असं, की रक्त घ्यायचं, त्यात घेवड्याच्या कुळातलं द्रव्य घालायचं, सदतीस अंशांवर अठ्ठेचाळीस तास ठेवायचं, शेवटच्या काही तासांत कोल्सेमिड टाकायचं आणि काच करायची. गुणसूत्रं आखडलेली, सुटी, मोजता येतील अशी समोर येतात. प्रत्येक गुणसूत्राला एक कमर असते. किरणांनी दोन गुणसूत्रं तुटून त्यांची टोकं चुकीची जुळली, तर दोन कमरांचं एक गुणसूत्र तयार होतं. किरण न लागलेल्या माणसात असं हजार पेशींत एखादं सापडतं. दोन ग्रे गामा किरण एकदम लागले, तर शंभर पेशींमागे पंचवीस-तीस.

मुंबईत एका प्रयोगशाळेत मी अशी काच पाहिली होती. गुणसूत्रांचा तो विखुरलेला पुंजका, त्यात एक बाकीच्यांपेक्षा लांब, दोन ठिकाणी आवळलेलं, आणि त्याच्यापासून सुटलेला एक पोरका तुकडा बाजूला पडलेला. दाखवणाऱ्या बाई म्हणाल्या, "हे खोटं बोलत नाही." किरणांशी रोज काम करणाऱ्या माणसाच्या छातीवरचा, मात्रा नोंदवणारा बिल्ला कपाटात राहून जाऊ शकतो, रक्त मात्र कायम सोबत असतं. म्हणून तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात रक्तावरून मात्रा ठरवण्याचं हे शास्त्र जोपासलं गेलं आहे. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी बाजारात भंगारातून आलेल्या यंत्रातला कोबाल्ट-६० माणसांच्या हाती लागला आणि त्यात एकाचा जीव गेला. अशा वेळी आधी रक्तच बोलतं. पहिल्या दोन दिवसांत लिम्फोसाइट किती वेगाने घसरल्या, यावरून डॉक्टर पुढच्या महिन्याचा अंदाज बांधतात.

निरोगी पेशीचं हे झालं. कर्करोगाच्या पेशीला कसं विचारायचं? तिला शरीराबाहेर जगवता आलं पाहिजे. १९५१ मध्ये बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांनी हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून आलेल्या पेशी काचेत वाढवल्या. त्या हेला पेशी आजही जगभर वाढत आहेत. पाच वर्षांनी, १९५६ मध्ये, पक आणि मार्कस यांनी त्याच पेशींवर क्ष-किरण सोडून मोजणीची एक पद्धत घालून दिली. मोजणी सोपी पण कठोर आहे. पेशी नुसती जिवंत दिसून चालत नाही. तिच्यापासून किमान पन्नास पेशींची वसाहत उभी राहिली, तरच ती वाचली असं धरायचं. किरणांनंतर पेशी काही दिवस धडधाकट दिसते, एक-दोनदा विभागतेही, आणि मग तिचा वंश खुंटतो. आज दिसतं त्यावर निकाल द्यायचा नाही, पुढची पिढी पाहायची, हे या शास्त्राने शिकवलं.

त्या बाल्टिमोरच्या प्रयोगशाळेत पुण्याची एक मुलगी शिकून आली, ही गोष्ट मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलीला सांगते. कमल रणदिवे. जन्म ८ नोव्हेंबर १९१७, शिक्षण हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये. परळला डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली काम करून १९४९ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली, जॉर्ज गाय यांच्याकडे पेशी वाढवण्याचं तंत्र आत्मसात केलं आणि परत येऊन मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातली पहिली ऊतक संवर्धन प्रयोगशाळा उभी केली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. निवृत्तीनंतर त्या अकोले तालुक्यात राजूरच्या आदिवासी मुलांच्या पोषणासाठी काम करत राहिल्या. आपल्याकडे काचेच्या बाटलीत मानवी पेशी वाढल्या, त्यांना औषध आणि किरण कसे लागू पडतात हे पाहता येऊ लागलं, त्याच्या पायाशी ही बाई उभी आहे.

रक्तपेशी काचेला चिकटत नाहीत, त्या तरंगत राहतात. त्यांची वसाहत मोजायची कशी, हा प्रश्न टोरांटोच्या टिल आणि मॅक्युलक यांना पडला. त्यांनी उंदरांना जीवघेण्या मात्रेचे किरण दिले, मग दुसऱ्या उंदरांचा थोडा मगज त्यांच्या शिरेत टोचला. दहा-एक दिवसांनी त्या उंदरांच्या प्लीहेवर लहान लहान गाठी आल्या. टोचलेल्या पेशी जितक्या जास्त, तितक्या गाठी जास्त. एकेक गाठ एकेका पेशीचा वंश होती, आणि तीत तांबड्या, पांढऱ्या, अनेक जातींच्या पेशी होत्या. मगज किरणांना किती सोसतो हे मोजायला निघालेल्या या दोघांच्या हाती १९६१ मध्ये रक्ताची मूळ पेशीच लागली. आज ज्याला बोन मॅरो ट्रान्सप्लांट म्हणतात, त्याचं शास्त्र या गाठींच्या मोजणीवर उभं आहे.

कर्करोगही सगळा एका जातीचा नसतो. काही प्रकारच्या लिम्फोमाची गाठ दोन ग्रेच्या अवघ्या दोन बैठकांनी विरघळू लागते. तंबाखूने झालेल्या तोंडाच्या कर्करोगाला साठ-सत्तर ग्रे लागतात. रक्ताच्या कर्करोगातल्या पेशींतही असाच फरक. लहान मुलांतल्या लिम्फोसाइटच्या ल्युकेमियातल्या पेशी बहुधा नाजूक. उलट के-५६२ ही मायलॉइड ल्युकेमियाच्या एका रुग्णाकडून आलेली, जगभरच्या प्रयोगशाळांत वाढणारी पेशी किरणांना चिवटपणे तोंड देते, कारण इजा झाल्यावर पेशीला थांबवणारं किंवा मरायला लावणारं पी-५३ हे प्रथिन तिच्यात कामाचं उरलेलं नाही. ज्या गुणामुळे निरोगी लिम्फोसाइट शहाणपणाने जीव सोडते, तोच गुण ती पेशी हरवून बसली आहे. मरता न येणं हाच तिचा रोग.

ल्युकेमियाचं दुःख आपल्या मुंबईच्या इतिहासातही खोल रुजलेलं आहे. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये ल्युकेमियाने गेल्या. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचा, या रोगाच्या संशोधनाला मदत करणारा विश्वस्त निधी उभा राहिला. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. त्याच रुग्णालयात, स्वतः पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीवरून काम करणाऱ्या डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ मध्ये देशातलं पहिलं यशस्वी मगज प्रत्यारोपण केलं. या उपचारात पुष्कळदा साऱ्या अंगाला बारा ग्रे, तीन दिवसांत सहा वाट्यांत देतात. रोगी मगज पुसून टाकायचा आणि भावाचा किंवा बहिणीचा मगज शिरेतून सोडायचा. टोरांटोच्या उंदरांत पाहिलेलं, माणसाच्या मुलाबाळांसाठी.

आता मूळ प्रश्न. निरोगी आणि कर्करोगी पेशीतला फरक केवढा? बहुतेक वेळा अगदी थोडा. मग एवढ्याशा फरकावर माणूस वाचतो कसा? समजा, दोन ग्रेनंतर कर्करोगाच्या शंभरातल्या पन्नास पेशी उरतात आणि निरोगी शंभरातल्या सत्तर. एका दिवसाचा हा फरक पाहिला तर कुणी त्यावर जीव टांगणार नाही. पण तीस दिवस हेच घडू द्या. कर्करोगाच्या एकशेसात कोटी पेशींमागे एक उरेल, निरोगी चव्वेचाळीस हजारांमागे एक. शिवाय निरोगी पेशी रोज रात्री आणि शनिवारी-रविवारी भर घालून घेत असतात, तो हिशेब निराळा. सावकाराचं चक्रवाढ व्याज आपल्या भागाला कुणी समजावून सांगायला नको. टक्क्यातला किरकोळ फरक वर्षांगणिक घरदार गिळतो. इथे तोच हिशेब माणसाच्या बाजूने लागतो. पॅरिसच्या क्लोद रेगो यांनी १९२०च्या दशकात मेंढ्यांवर हे पाहिलं होतं. एकाच मोठ्या मात्रेने मेंढा निर्बीज करायचा तर कातडी जळते. तीच मात्रा थोडी थोडी, दिवसांच्या अंतराने दिली तर काम होतं आणि कातडी वाचते. तेव्हापासून किरणोपचार हप्त्याहप्त्याने दिला जातो. किरणांच्या ताकदीपेक्षा त्यांच्यामधल्या अंतराला मोल आहे.

मोजलेल्या प्रत्येक आकड्यामागे एक नाव असतं, हे वडूजकरांना वेगळं सांगायला नको. ९ सप्टेंबर १९४२ रोजी इथल्या मामलेदार कचेरीवर चालून गेलेल्या स्वातंत्र्यसैनिकांच्या मोर्चावर गोळीबार झाला. वडगावचे परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मा झाले. गाव 'नऊ' म्हणून थांबत नाही, नावं घेतं. माझ्या वहीतही प्रत्येक आकड्याशेजारी नाव लिहिलेलं असतं.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे उपचार घेणाऱ्या, जवळच्या वाडीवरच्या एक मावशी माझ्याकडे येत. पोटाखालच्या हाडांत मगजाचा मोठा हिस्सा असतो, म्हणून तिथे शेक दिला की रक्तातल्या पेशी उतरतात. सोबत आठवड्याला केमोची बाटली. त्यांच्या कागदावर पांढऱ्या पेशी प्रत्येक वेळी खाली आलेल्या.

"ताई, मागल्या वेळेपरीस कमी का आल्यात?"

"शेक चालू आहे ना मावशी, कमी यायच्याच."

"मग बंद करू का? अंगातलं रगातच आटाया लागलंय म्हणायचं. घरी कांदा काढाया आलाय."

मी त्यांना भिंगाजवळ बसवलं, एक डोळा मिटायला सांगितलं. जांभळ्या ठिपक्यांकडे त्या पुष्कळ वेळ पाहत राहिल्या. मी म्हटलं, "या आहेत त्या लढायला पुरत्यात. कमी झाल्यात ते किरण पोचल्याची खूण आहे. किती कमी चालतील ते डॉक्टर ठरवतील, आपण नाही. मी आत्ता कागद पाठवते त्यांना." कागद मोबाइलवर गेला, तासाभरात उत्तर आलं : केमो एक आठवडा पुढे, शेक चालू ठेवा. मावशींनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "कांदा काढील धाकटा."

त्या दिवसापासून मला मोजणीचा अर्थ अधिक नीट कळला. मोजणं म्हणजे कोरडा कारभार नव्हे. जे सोसतंय ते किती सोसतंय हे विचारायची ती सर्वांत प्रामाणिक रीत आहे. जो उपचार मारणाऱ्या किरणांनी जगवू पाहतो, तो मोजल्याशिवाय केला तर क्रौर्य होईल. मोजून केला म्हणून तो औषध आहे.

म्हणून माझ्या भागातल्या घराघराला माझं सांगणं आहे. शेक सुरू झाला की मधला दिवस चुकवू नका. सुगी, लग्न, जत्रा, पाहुणे यांसाठी आठवडा मोडू नका. तोंडाच्या, घशाच्या कर्करोगात उपचार लांबला तर लांबलेल्या दर दिवसामागे गाठ काबूत येण्याची शक्यता सुमारे एक ते दीड टक्क्याने घटते, कारण चौथ्या आठवड्यानंतर उरलेल्या पेशी अधिक वेगाने वाढू लागतात. निरोगी पेशीला एक रात्र हवी असते, ठरल्यापेक्षा जादा रात्री मिळाल्या तर त्या रोगाच्या कामी येतात. नाइलाजाने दिवस चुकलाच तर लपवू नका. डॉक्टर शनिवारी बोलावून किंवा एका दिवसात किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा शेक देऊन तो भरून काढू शकतात. आठवड्याची सीबीसी चुकवू नका, आणि आकडा कमी आला म्हणून स्वतःच्या मनाने उपचार सोडू नका. रक्त चढवायची वेळ आली तर जवळच्या नातलगाचंच घ्या असा हट्ट धरू नका. जुळत्या रक्तातल्या परक्या लिम्फोसाइट रुग्णाच्या अंगात घर करून त्याच्यावरच उलटू शकतात, ते टाळायला अशी पिशवी आधी पंचवीस ग्रेखालून काढावी लागते. पैशाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किरणोपचार आहेत, एसटीत आणि रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला प्रवासाची सवलत आहे. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात जाऊन विचारा, लाजू नका. आणि शेक घेऊन गावी आलात की सकाळी लॅबमध्ये या, रांगेत थांबू नका. तुमचं रक्त आधी लागेल.